खाजनातल्या चिखलाचं फॉस्फेटेज मोजताना: नळीतला पिवळा रंग नेमका कुणाचा?

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे पहिले दोन महिने मी खाजनातला (गोव्यात बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतातला) चिखल आणत होते, त्यात पीएनपीपी (फॉस्फेटेज या एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घालत होते आणि नळी पिवळी झाली की खूश होत होते. आकडेही छान येत होते. मग एका संध्याकाळी घाईत एका नळीत सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतं ते पीएनपीपी, घालायचंच राहून गेलं. तशीच गाळली, तशीच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) वाचली. रीडिंग आलं ०.४१. त्याच चिखलाच्या, सब्स्ट्रेट घातलेल्या नळीचं होतं ०.५८. म्हणजे ज्या रंगाला मी एन्झाइमचं काम समजत होते त्यातला सत्तर टक्के रंग चिखलाचा स्वतःचा होता. दोन महिन्यांचे सगळे आकडे वहीतून बाद झाले.

चूक साधी होती. स्वच्छ द्रावणातल्या एन्झाइमसाठी लिहिलेली कृती मी चिखलाला लावली होती. दरवर्षी नवीन मुलं प्रोजेक्टला येतात आणि हीच कृती कुठून तरी उतरवून घेतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माती, चिखल, कंपोस्ट, तिवरांखालचा गाळ, ज्याला ज्याला स्वतःचा रंग आहे अशा कुठल्याही नमुन्याला हे लागू पडेल.

आधी हे समजून घ्या: रंग येतो कसा

पीएनपीपी म्हणजे पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. पाण्यात विरघळवलं की जवळजवळ रंगहीन दिसतं. फॉस्फेटेज हे एन्झाइम त्याचा फॉस्फेटचा तुकडा तोडतं आणि मागे उरतं पॅरा-नायट्रोफिनॉल. हे अल्कधर्मी द्रावणात हळदीसारखं पिवळं होतं आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतं. जितके रेणू तुटले तितका पिवळेपणा. १९४६ साली बेसी, लौरी आणि ब्रॉक यांनी हेच सब्स्ट्रेट वापरून रक्तद्रवाच्या अगदी थेंबभर नमुन्यात अल्कलाइन फॉस्फेटेज मोजून दाखवलं. १९६९ साली तबाताबाई आणि ब्रेमनर यांनी ते मातीसाठी बसवलं. आपण वापरणार आहोत ती दुसरी पद्धत, आणि दोन्हींमधला फरकच या लेखाचा गाभा आहे.

नायट्रोफिनॉल पिवळं दिसणं पीएचवर अवलंबून असतं. त्याचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे रेणू पिवळ्या रूपात असतात तो आकडा) ७.१५ च्या जवळ आहे. पीएच ६.५ ला जेमतेम पाचवा हिस्सा रेणू पिवळ्या रूपात असतात, पीएच ९ च्या वर जवळपास सगळे. त्यामुळे अॅसिड फॉस्फेटेजची (आम्लधर्मी द्रावणात जोमाने चालणाऱ्या प्रकाराची) नळी तासभर ठेवूनही फिकट दिसली तर घाबरू नका. शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की रंग एकदम उमलतो. ते घालायची कारणं दोन: एन्झाइम थांबतं आणि सगळं नायट्रोफिनॉल पिवळ्या रूपात येतं.

आपल्याकडे हे मोजण्यात अर्थ काय? गोव्यातली बरीचशी जमीन जांभ्या दगडाची, लोहाने भरलेली. लोह फॉस्फेटला धरून ठेवतं, पिकाच्या हाती लागू देत नाही. सेंद्रिय पदार्थात अडकलेला फॉस्फरस सोडवायचं काम मुळं आणि जिवाणू फॉस्फेटेज सोडून करतात. खाजनात तर गोडं पाणी, खारं पाणी, भात आणि मासळी सगळं एकाच बांधाआड नांदतं, तेव्हा तिथे हे काम कसं चालतं हे पाहण्यासारखंच आहे.

१. काय काय लागेल

कागदपत्रांपासून सुरुवात करा, कारण तिथेच महिना जातो. खाजन कुणाचं तरी असतं. कूळ संघटनेला किंवा शेतमालकाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि सही घेऊन प्रत ठेवा. चोडणच्या पक्षी अभयारण्यातून किंवा कुठल्याही राखीव तिवरांच्या रानातून नमुना घ्यायचा असेल तर वन खात्याची लेखी परवानगी आधी हवी. मूठभर चिखल आहे म्हणून चालत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि पीएनपीपीची सुरक्षा-माहितीपत्रिका याच फाइलीत लावा.

रसायनं अशी:

- पीएनपीपी, डायसोडियम हेक्झाहायड्रेट
- पॅरा-नायट्रोफिनॉल, स्टँडर्डसाठी
- ट्रिस, मॅलेइक अॅसिड, सायट्रिक अॅसिड, बोरिक अॅसिड
- सोडियम हायड्रॉक्साइड: १ मोलर बफरसाठी, ०.५ मोलर अभिक्रिया थांबवायला
- कॅल्शियम क्लोराइड, ०.५ मोलर
- पीएच जुळवायला सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिड

मूळ कृतीत टोल्युइनही आहे, जिवाणू वाढू नयेत म्हणून. एका तासाच्या इन्क्युबेशनला आम्ही ते वापरत नाही. वापरलंत तर फ्यूम हूडमध्येच, आणि सगळ्या नळ्यांत सारखं.

उपकरणांत स्पेक्ट्रोफोटोमीटर, ३७ अंशांचा वॉटर बाथ, पीएच मीटर, बारीक गाळणारा फिल्टर पेपर आणि नमुना सुकवायला ओव्हन. ४०५ नॅनोमीटर हा दृश्य प्रकाश आहे, त्यामुळे क्वार्ट्झ क्युव्हेट मागत बसू नका. काचेचा किंवा प्लास्टिकचा चालतो.

२. बाटली जपा

हे अर्ध्या पानाचंही काम नाही, पण पावसाळ्यात इथेच सगळं बिघडतं.

पीएनपीपी फ्रीझरमध्ये उणे २० अंशांना, कोरडं आणि अंधारात ठेवायचं असतं. जुलैत आमच्या लॅबमध्ये हवा इतकी दमट असते की थंड बाटली बाहेर काढली की मिनिटभरात काचेवर पाणी जमतं. त्याच क्षणी झाकण उघडलंत तर तेच पाणी आत पावडरीवर जमतं. मी पहिली बाटली अशीच घालवली. पांढरीशुभ्र पावडर आठवडाभरात पिठीसाखरेला ओल लागावी तशी गोळा झाली आणि गोळ्यांच्या कडेला लिंबाच्या सालीचा फिकट रंग चढला. तो रंग म्हणजे एन्झाइमशिवायच तुटलेलं सब्स्ट्रेट.

तेव्हा बाटली सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा. नवी बाटली आली की कोरड्या दिवशी छोट्या कुप्यांत वाटून ठेवा म्हणजे मोठी बाटली सारखी उघडावी लागत नाही. पावसात वीज गेली आणि फ्रीझर वितळला तर तारीख आणि वेळ बाटलीवरच लिहा. पुढच्या माणसाला ते कळलंच पाहिजे.

द्रावण त्याच दिवशी करा. ०.०५ मोलरसाठी २५ मिलिलिटरला हेक्झाहायड्रेट ०.४६४ ग्रॅम. लेबल वाचल्याशिवाय हा आकडा वापरू नका. हेक्झाहायड्रेटचा रेणुभार ३७१.१४, पाण्याविना असलेल्या मिठाचा २६३.०५. पाण्याविनाचा रेणुभार धरून हेक्झाहायड्रेट तोललंत तर द्रावण २९ टक्के पातळ होतं, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही.

३. बफर

मॉडिफाइड युनिव्हर्सल बफर वापरतात. स्टॉकसाठी ट्रिस १२.१ ग्रॅम, मॅलेइक अॅसिड ११.६, सायट्रिक अॅसिड १४.० आणि बोरिक अॅसिड ६.३ ग्रॅम, हे १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या ४८८ मिलिलिटरमध्ये विरघळवून पाण्याने एक लिटर करा. फ्रिजमध्ये ठेवा. वापरताना स्टॉकचे २०० मिलिलिटर घेऊन अॅसिड फॉस्फेटेजसाठी पीएच ६.५, अल्कलाइनसाठी पीएच ११ करा आणि पाण्याने एक लिटर करा.

फॉस्फेट बफर चुकूनही घेऊ नका. फॉस्फेट हे या अभिक्रियेचंच उत्पादन आहे, ते भरपूर असलं की एन्झाइम मंदावतं. काचसामान साबणाने धुतलं असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडने आणि मग डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा खंगाळा, कारण काही साबणांतही फॉस्फेट असतं. ईडीटीएही नको. अल्कलाइन फॉस्फेटेजला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच ओढून घेतं.

४. नमुना

ओहोटीला जा. एका ठिकाणाहून एकच ढेकूळ न घेता पाच-सहा जागांचा चिखल एकत्र करा, वरचे दहा सेंटीमीटर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मापं घेण्यात इतकी गुंतले होते की पाणी चढतंय हे लक्षातच आलं नाही. बांधावरच्या एका काकांनी हाक मारली, “बाय, पाणी फिरलं, आता वर ये.” मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) पाण्याला ओढ असते. एकटं जाऊ नका.

नमुना लगेच थंड करा. आम्ही मासळी बाजारातून बर्फ घेतो आणि थर्मोकोलची पेटी वापरतो. पिशव्या दुहेरी बांधा, नाहीतर बर्फाचं पाणी चिखलात शिरतं आणि ओलाव्याचं गणित चुकतं. लॅबमध्ये आल्यावर ४ अंशांना ठेवा आणि दोन-तीन दिवसांत काम उरका. खाजनाचा चिखल चाळणीतून जात नाही, जबरदस्ती करू नका. चिमट्याने मुळं, तिसऱ्या-खुब्यांची कवचं, काड्या वेचून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण एका ग्रॅमच्या नमुन्यात मुळाचा बारीकसा तुकडा आला तरी आकडा उडी मारतो.

त्याच चिखलातला थोडा भाग १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. हे त्याच दिवशी. उद्यावर टाकलं की पिशवीतला चिखल वेगळाच झालेला असतो.

५. प्रत्यक्ष कृती, आणि तीन प्रकारच्या नळ्या

इथे थांबून वाचा. प्रत्येक नमुन्याला दोन नळ्या नमुन्याच्या, एक कंट्रोलची, आणि प्रत्येक खेपेला एक चिखल नसलेली ब्लँक.

नमुन्याच्या नळीत १ ग्रॅम ओला चिखल, ४ मिलिलिटर बफर आणि १ मिलिलिटर पीएनपीपी. हलवा, झाकण लावा, ३७ अंशांना एक तास. मग १ मिलिलिटर कॅल्शियम क्लोराइड, हलवा, त्यानंतर ४ मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड, पुन्हा हलवा आणि लगेच गाळा.

कंट्रोलच्या नळीत सगळं तेच, तासही तोच, पण पीएनपीपी नाही. तास संपल्यावर कॅल्शियम क्लोराइड, सोडियम हायड्रॉक्साइड आणि सगळ्यात शेवटी पीएनपीपी घालून ताबडतोब गाळायचं. त्यामुळे चिखलाचा स्वतःचा रंग कंट्रोलमध्ये पुरेपूर येतो, सब्स्ट्रेटमध्ये आधीपासून असलेला पिवळेपणाही येतो, फक्त एन्झाइमला काम करायला वेळ मिळत नाही. माझ्या पहिल्या दोन महिन्यांत हीच नळी नव्हती. माझ्याकडे फक्त चिखलाविना ब्लँक होती. ती सब्स्ट्रेट आपोआप किती तुटतं ते सांगते, चिखलाबद्दल काहीच सांगत नाही.

आता कॅल्शियम क्लोराइड कशाला, ते पाहा. सोडियम हायड्रॉक्साइड ह्यूमस (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा काळपट सेंद्रिय भाग) विरघळवतं. तिवरांखालचा चिखल घ्या, त्यात नुसतं सोडियम हायड्रॉक्साइड घाला आणि गाळा. गाळण कोऱ्या चहासारखं येतं, तळाशी नळीतून पलीकडचं दिसत नाही. तो तपकिरी रंग ४०५ नॅनोमीटरला भरपूर प्रकाश शोषतो. कॅल्शियम असलं की चिकणमाती आणि ह्यूमस गोळा होऊन खाली बसतात आणि गाळण स्वच्छ येतं. म्हणून कॅल्शियम आधी, अल्कली नंतर. दोन नळ्या शेजारी धरून एकदा स्वतः बघाच, पुन्हा क्रम विसरणार नाही.

नळ्या बाथमध्ये एकदम टाकू नका. एकेका मिनिटाच्या अंतराने सुरू करा, त्याच अंतराने थांबवा. वीस नळ्या एकदम थांबवायला गेलात तर शेवटच्या नळीला पहिलीपेक्षा कित्येक मिनिटं जास्त मिळतात.

६. स्टँडर्ड

नायट्रोफिनॉलचा स्टॉक लिटरला १ ग्रॅम. त्यातला १ मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर करा म्हणजे मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम. यातले ०, १, २, ३, ४, ५ मिलिलिटर घ्या, पाण्याने ५ करा, मग १ कॅल्शियम क्लोराइड, ४ सोडियम हायड्रॉक्साइड आणि गाळा. हो, स्टँडर्डही गाळायचं, त्याच फिल्टर पेपरमधून. कागद थोडं नायट्रोफिनॉल धरून ठेवतो, तेव्हा दोघांनाही सारखी वागणूक हवी.

एक पडताळा देते. अल्कलीत नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक (१ मोलर द्रावणाचं एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमधलं हिशोबी रीडिंग) १८,००० च्या आसपास असतो. ५० मायक्रोग्रॅमच्या नळीत दहा मिलिलिटर द्रावण आहे, म्हणजे एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये रीडिंग सुमारे ०.६५ यायला हवं. तुमचं ०.३ किंवा १.१ येत असेल तर नमुने वाचू नका. आधी स्टॉक, पिपेट आणि तरंगलांबी तपासा.

७. वाचन आणि गढूळपणा

गाळण दिसायला स्वच्छ, पण हलकी पांढरी झाक असते का? कॅल्शियम आणि अल्कली एकत्र आले की कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा साका येऊ शकतो. खाऱ्या चिखलात मॅग्नेशियम असतं, त्याचाही येतो. नळी तासभर उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो. हे सगळं प्रकाश विखुरतं आणि मशीन त्याला रंगच समजतं.

युक्ती अशी: तीच क्युव्हेट ६०० नॅनोमीटरलाही वाचा. नायट्रोफिनॉल तिथे काही शोषत नाही. तिथे शून्याहून लक्षणीय आकडा आला तर तो गढूळपणा आहे. पुन्हा गाळा. ४०५ च्या आकड्यातून ६०० चा सरळ वजा करू नका, विखुरणं दोन्ही ठिकाणी सारखं नसतं.

रीडिंग स्टँडर्डच्या रेषेबाहेर गेलं तर गाळण पातळ करून वाचा, रेषा लांबवू नका. पातळ करायला साधं पाणी न घेता त्याच प्रमाणातलं सोडियम हायड्रॉक्साइड घ्या.

८. हिशोब

समजा नमुन्याचं रीडिंग ०.५२, कंट्रोलचं ०.१३. फरक ०.३९. स्टँडर्डच्या रेषेचा उतार दर मायक्रोग्रॅमला ०.०१३, म्हणजे नळीत ३० मायक्रोग्रॅम नायट्रोफिनॉल तयार झालं. चिखलात ४० टक्के पाणी असेल तर १ ग्रॅम ओल्या चिखलात कोरडी माती ०.६ ग्रॅम. उत्तर: दर ग्रॅम कोरड्या मातीला, दर तासाला ५० मायक्रोग्रॅम. मायक्रोमोलमध्ये हवं असेल तर १३९.११ ने भागा, ०.३६ येतं. एकक पूर्ण लिहा. नुसतं “अॅक्टिव्हिटी ५०” लिहिलेला तक्ता दुसऱ्या कुणालाही वापरता येत नाही.

ओलाव्याची दुरुस्ती विसरलात तर भरतीचा चिखल आणि बांधावरची माती यांची तुलनाच चुकते. खाजनात हा फरक फार मोठा असतो.

९. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी दोन चाचण्या

पहिली: एकाच चिखलाच्या चार नळ्या १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना थांबवा. रेषा सरळ आली तर तासाची वेळ योग्य. वाकली तर वेळ किंवा चिखल कमी करा.

दुसरी, जी कुणीच करत नाही: चिखलात पीएनपीपीऐवजी ठाऊक मापाचं नायट्रोफिनॉल घाला, समजा ३० मायक्रोग्रॅम, आणि तीच कृती करून किती परत मिळतं ते पाहा. सोबत काहीच न घातलेली नळी ठेवा, तिचा रंग वजा करा. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेला चिखल थोडं नायट्रोफिनॉल स्वतःकडे ठेवून घेतो. ३० पैकी २४ च परत आले तर तुमचे सगळे आकडे तितकेच कमी दिसत आहेत. ते प्रबंधात लिहा. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मला नेमकं हेच विचारलं होतं आणि तेव्हा माझ्याकडे हा तक्ता होता.

आणखी एक: पीएच ११ ला मोजलेला आकडा म्हणजे खाजनात आत्ता तेवढं काम चालू आहे असं नाही. भरपूर सब्स्ट्रेट, ३७ अंश आणि आदर्श पीएच दिल्यावर तो चिखल किती करू शकतो, एवढंच तो सांगतो. मातीचा स्वतःचा पीएच वेगळा मोजून शेजारच्या रकान्यात लिहा.

१०. आवराआवर

नायट्रोफिनॉल विषारी आहे आणि कातडीतून शिरतं. हातमोजे घाला. बोटाला लागलं तर पिवळा डाग दिसतोच. सोडियम हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा हवाच. पिवळं गाळण सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, त्यावर नाव आणि तारीख लिहा आणि घातक कचऱ्याबरोबर द्या. वापरलेला चिखल आणि फिल्टर पेपरही त्याच वाटेने.

वहीत दर खेपेला पीएनपीपीचा लॉट नंबर, द्रावण केल्याची वेळ आणि चिखलाविना ब्लँकचं रीडिंग लिहा. ब्लँक दर खेपेला थोडी थोडी चढताना दिसली तर बाटलीत ओल शिरली आहे. पुढची ऑर्डर त्याच दिवशी टाका, कारण पावसाळ्यात पार्सल यायला वेळ लागतो.